आधी कागद, मग सर्व्हर: गावोगावी शाखा असलेल्या संस्थेसाठी डिरेक्टरीची आखणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संस्थांकडून मला येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. डोमेन (सगळ्या संगणकांची आणि लॉगिनची एकत्र व्यवस्था) बसवलं, पण मालवण शाखेत सकाळी लॉगिनला पाच-पाच मिनिटं लागतात. नेट गेलं की शाखेत साधं प्रिंटही निघत नाही. एका कर्मचाऱ्याची बदली होऊन सहा महिने झाले, तरी तिला जुन्या शाखेच्या फाइली दिसतात. जाऊन पाहावं तर सर्व्हर उत्तम असतो, चांगले पैसे मोजून घेतलेला असतो. चुकलेला असतो तो क्रम. आधी सर्व्हर आला, दोन तासांत डोमेन तयार झालं, आणि पत्ते, नावं, डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी सोय) हे सगळं ‘नंतर बघू’ म्हणून मागे राहिलं.

या लेखात क्रम उलटा आहे. सर्व्हरला हात सहाव्या टप्प्यावर लागेल. त्याआधीचं जवळजवळ सगळं काम वही-पेनाचं आहे आणि ते नीट झालं तर पुढची उभारणी दोन-तीन दिवसांत उरकते.

उदाहरणासाठी एक पतसंस्था धरू. मुख्य कार्यालय रत्नागिरीत. शाखा चिपळूण, दापोली, राजापूर, कुडाळ, मालवण आणि सावंतवाडीला. साधारण ७० संगणक, ९० माणसं. विंडोज सर्व्हरवरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे माणसं, संगणक आणि परवानग्यांची मध्यवर्ती नोंदवही, वापरायची आहे. शाळांची संस्था असो, काजूचा कारखाना असो की मच्छी प्रक्रियेचा, आखणी हीच राहते. परवान्याचा खर्च झेपत नसेल तर लिनक्सवर सांबा वापरूनही असं डोमेन उभं राहतं. फक्त तिथे पॉलिसीच्या (सगळ्या संगणकांना एका जागेवरून लावलेल्या नियमांच्या) फाइली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय तुम्हाला स्वतः करावी लागते.

प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारा: जुलैत दोन दिवस नेट गेलं, तर या शाखेत काय चालू राहील आणि काय बंद पडेल?

सुरुवात कधी करायची

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि जानेवारीअखेर संपवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मार्चअखेरची धावपळ असते, तेव्हा लॉगिन बदलायला कुणीही तयार होत नाही आणि त्यांचं बरोबरच असतं. मे महिन्यात अर्धी माणसं रजेवर जातात. जून ते सप्टेंबर लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, त्यातच गणपती. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कसलाही बदल करू नका. काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही आणि सुट्टीनंतर परत आलेल्यांपैकी निम्मे पासवर्ड विसरलेले असतात.

टप्पा १: मोजदाद

प्रत्येक शाखेत स्वतः जा. फोनवर विचारून केलेली यादी मला आजवर एकदाही जुळलेली मिळाली नाही. शाखेत जाऊन या गोष्टी लिहा:

- प्रत्येक संगणकावर कोणतं विंडोज आहे आणि त्याची कोणती आवृत्ती. विंडोजची ‘होम’ आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, ‘प्रो’ किंवा त्यावरची लागते. स्थानिक दुकानातून एकेक करून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये ‘होम’ हमखास निघते.
- विंडोज १० अजून किती ठिकाणी आहे. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.
- राउटर कोणता, नेट कुणाचं, दुसरी पर्यायी लाइन आहे का.
- प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा डबा, नोटा मोजायचं यंत्र यांपैकी काय काय नेटवर्कला जोडलेलं आहे.
- यूपीएस किती वेळ टिकतो. वेष्टनावर छापलेली वेळ लिहू नका; प्लग काढून घड्याळ लावा.
- घड्याळ मागे पडलेले संगणक. लाइट जाऊन आली की तारीख बदलते, असं कुणी सांगितलं तर आतली सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती त्याच दिवशी बदला. याचं महत्त्व पाचव्या टप्प्यात कळेल.

खर्चाच्या तक्त्यात सर्व्हरच्या परवान्याबरोबर ‘कॅल’ धरायला विसरू नका. सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी हा वेगळा परवाना लागतो. ७० संगणक आणि ९० माणसं असतील तर संगणकामागे घेतलेला स्वस्त पडेल. ‘होम’चं ‘प्रो’ करण्याचा खर्चही इथेच मांडा. हे आकडे संचालक मंडळापुढे नंतर एकेक करून नेले की दरवेळी काम अडतं.

टप्पा २: पत्त्यांची वाटणी

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे घाई करू नका.

नेट बसवायला आलेला माणूस राउटर लावतो आणि जातो. परिणामी रत्नागिरीत १९२.१६८.१.०, चिपळूणला १९२.१६८.१.० आणि मालवणातही १९२.१६८.१.०. शाखा एकमेकींपासून तुटलेल्या असेपर्यंत यात काही बिघडत नाही. त्या व्हीपीएनने (इंटरनेटवरून शाखांमध्ये काढलेल्या सुरक्षित खासगी वाटेने) जोडल्या की मात्र कोणता पत्ता कुठला, हे राउटरला कळत नाही. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरी संगणकाच्या पत्त्यावरूनच तो कोणत्या शाखेतला आहे हे ओळखते आणि त्यानुसार जवळचा सर्व्हर दाखवते. सगळीकडे एकच पत्ता असेल तर तिला जवळ-लांब काहीच ठरवता येत नाही.

मी वापरतो ती पद्धत गाड्यांच्या नंबरावर आधारलेली आहे. रायगड एमएच-०६, सिंधुदुर्ग एमएच-०७, रत्नागिरी एमएच-०८. पत्त्यातला दुसरा आकडा जिल्ह्याचा, तिसरा शाखेचा:

- रत्नागिरी मुख्य कार्यालय १०.८.१.०, चिपळूण १०.८.२.०, दापोली १०.८.३.०, राजापूर १०.८.४.०
- कुडाळ १०.७.१.०, मालवण १०.७.२.०, सावंतवाडी १०.७.३.०

सगळे २४ बिटांचे सबनेट, म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे शाखेचे आणि शेवटचा एकेका यंत्राचा. उद्या अलिबागला शाखा निघाली तर ती १०.६.१.० होईल, कुणाला विचारावं लागणार नाही. शाखा व्यवस्थापकाने फोनवर पत्ता वाचून दाखवला की तो कुठून बोलतोय हे लगेच समजतं.

प्रत्येक शाखेत १ ते १९ राउटर आणि सर्व्हरसाठी, २० ते ४९ प्रिंटर वगैरेंसाठी, १०० ते २०० संगणकांना आपोआप वाटायला. मधली जागा मोकळी ठेवा.

शाखा जोडायला व्हीपीएन लागेल. रत्नागिरीला आणि कुडाळला नेटचा स्थिर पत्ता मागून घ्या. बाकीच्या शाखांना तो मिळेलच असं नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांच्या राउटरनेच या दोन ठिकाणी जोडणी करायची.

सावधान: व्हीपीएनचा कंटाळा करून सर्व्हरचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. डोमेन सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसता कामा नये, तात्पुरतासुद्धा नाही.

तपासणी: सर्व्हर यायच्या आधी प्रत्येक शाखेतून रत्नागिरी आणि कुडाळच्या राउटरला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते आज्ञा देऊन पाहा. एका दिवसात तीन वेळा. उत्तर येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: डोमेनचं नाव

हे नाव पुढे दहा-पंधरा वर्षं राहतं. बदलता येतं, पण ते काम इतकं त्रासाचं आहे की बहुतेक जण शेवटी नवं डोमेन उभं करतात.

संस्थेच्या मालकीचं, रीतसर नोंदवलेलं इंटरनेट डोमेन घ्या आणि त्याच्या आत एक उपनाव करा. संस्थेची वेबसाइट ‘आमचीपत डॉट इन’ असेल तर डिरेक्टरीचं नाव ‘एडी डॉट आमचीपत डॉट इन’.

‘डॉट लोकल’ टाळा. ते नाव स्थानिक जाळ्यात यंत्रांनी एकमेकांना शोधण्याच्या वेगळ्या पद्धतीसाठी राखीव आहे. ॲपलची यंत्रं आणि बरेच प्रिंटर ती वापरतात आणि तिथे टक्कर होते. वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं डोमेनलाही दिलं तर आतल्या संगणकांवर स्वतःची वेबसाइट उघडेनाशी होते, कारण ते नाव आता सर्व्हरकडे बोट दाखवतं. शहराचं किंवा सध्याच्या अध्यक्षांच्या गावाचं नावही घालू नका, कार्यालयं हलतात.

जुन्या पद्धतीचं छोटं नाव, ज्याला नेटबायोस नाव म्हणतात, १५ अक्षरांच्या आत हवं. ते लहानच ठेवा, कारण कर्मचारी तेच टाइप करणार.

डोमेन एकच, फॉरेस्टही (डोमेनांना एकत्र बांधणारी सर्वांत वरची चौकट) एकच. ‘सिंधुदुर्गाचं वेगळं डोमेन करू’ हा आग्रह मी बऱ्याच बैठकांत ऐकला आहे. वेगळ्या डोमेनला स्वतःचे दोन सर्व्हर, स्वतःचा बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. कुडाळच्या माणसाला फक्त कुडाळचे पासवर्ड बदलू द्यायचे असतील तर ते एकाच डोमेनमध्ये करता येतं, आठवा टप्पा पाहा.

टप्पा ४: डोमेन कंट्रोलर कुठे ठेवायचे

डोमेन कंट्रोलर म्हणजे डिरेक्टरी ठेवणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर. पुढे मी त्याला डीसी म्हणणार आहे.

कमीत कमी दोन डीसी, आणि ते दोन वेगळ्या गावांत. एकाच खोलीत एकाखाली एक ठेवलेले दोन डीसी म्हणजे पुरासाठी, विजेसाठी आणि चोरासाठी एकच डीसी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले. राजापुरात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात येतं, हे तिथल्या शाखेला सांगावं लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. म्हणून पहिला डीसी रत्नागिरीत, दुसरा कुडाळला. नदी वेगळी, जिल्हा वेगळा, विजेचं उपकेंद्र वेगळं.

खोली वरच्या मजल्यावर, कुलूपबंद, खिडकी समुद्राकडे उघडणारी नको. खाऱ्या हवेने मेमरीचे पट्टे आणि पंख्यांचे सांधे गंजतात. मालवणसारख्या ठिकाणी जुन्या यंत्राचं झाकण उघडलं की हिरवट थर दिसतो.

प्रत्येक शाखेत डीसी लागत नाही. माझा ठोकताळा असा: २५-३० पेक्षा जास्त माणसं असतील, किंवा शाखेत स्वतःचा फाइल सर्व्हर असेल, तर विचार करा. आणि त्यासाठी कुलपाची खोली व यूपीएस या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात. दहा-बारा माणसांच्या शाखेत नेट गेलं तरी संगणक उघडतात, कारण विंडोज त्या संगणकावर आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या १० जणांची ओळख जपून ठेवते. अडतो तो त्या दिवशी बदलीवर नव्याने आलेला माणूस. म्हणून बदलीवर आलेल्याने पहिल्याच दिवशी, नेट चालू असताना, शाखेतल्या दोन संगणकांवर लॉगिन करून ठेवायचं, हा नियम लेखी करा.

चिपळूणची शाखा मोठी आहे, पण कुलपाची खोली नाही, असं असेल तर तिथे फक्त-वाचनाचा डीसी ठेवा. त्यावर तुम्ही परवानगी दिलेल्यांचेच पासवर्ड साठतात. यंत्र चोरीला गेलं तरी बाकी संस्था सुरक्षित राहते. इथे एक चूक जवळपास सगळे करतात: परवानगीच्या यादीत चिपळूणची माणसं टाकतात, चिपळूणचे संगणक टाकायला विसरतात. संगणकालाही डोमेनमध्ये स्वतःचं खातं आणि पासवर्ड असतो. तो त्या डीसीवर नसेल तर नेट गेल्यावर डीसी शेजारी असूनही उपयोगी पडत नाही.

टप्पा ५: डीएनएस आणि वेळ

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत संगणक सर्व्हर शोधतो तो डीएनएसमधल्या नोंदींवरून. त्या नोंदी तुमच्या डीसीवर असतात. बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) त्यांचा पत्ता नसतो.

आणि तरीही मी ज्या ज्या बिघडलेल्या डोमेनवर गेलो, तिथे पहिल्या दहा मिनिटांत हेच दिसलं: पहिला डीएनएस रत्नागिरीचा डीसी, दुसरा ८.८.८.८. ‘सर्व्हर बंद पडला तर नेट तरी चालू राहावं’ हा हेतू चांगला आहे, पण होतं असं की रत्नागिरीकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की संगणक दुसऱ्याला विचारतो. तो सांगतो, असं नावच नाही. मग संगणक काही काळ तिथेच चिकटून राहतो. लॉगिनला पाच मिनिटं, पॉलिसी न लागणं, मधूनच फाइली न दिसणं, या सगळ्याचं मूळ बहुधा इथे निघतं.

नियम असे:

- रत्नागिरी आणि कुडाळच्या संगणकांना डीएनएस म्हणून फक्त हे दोन डीसी, जवळचा आधी. डीसींवर बाहेरच्या नावांसाठी फॉरवर्डर लावा, म्हणजे ते प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पुढे पाठवले जातील.
- डीसी नसलेल्या शाखेत मात्र वेगळी अडचण येते. व्हीपीएन तुटला की दोन्ही डीसी दिसेनासे होतात आणि शाखेचं नेट चालू असूनही एकही वेबसाइट उघडत नाही. यावर उपाय राउटरमध्ये: डोमेनच्या नावाचे प्रश्न दोन डीसींकडे, बाकी सगळे नेटवाल्याच्या डीएनएसकडे. ही सोय असलेलाच राउटर घ्या आणि संगणकांना डीएनएस म्हणून फक्त त्या राउटरचा पत्ता द्या.
- संगणकाच्या यादीत बाहेरचा डीएनएस कुठेही नको.

आता वेळ. लॉगिनसाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत संगणक आणि डीसी यांच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. फरक वाढला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जाऊ शकतं आणि कारण पटकन कळत नाही. संपलेल्या बॅटरीचे संगणक पहिल्याच टप्प्यात शोधायला सांगितले ते यासाठी.

साखळी अशी ठेवा: पीडीसी एम्युलेटर ही भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणारं खास काम) असलेला डीसी बाहेरून वेळ घेतो, दुसरा डीसी त्याच्याकडून, संगणक जवळच्या डीसीकडून. बाहेरचा स्रोत एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा एनआयसीचा (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) निवडा. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं या स्रोतांशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. डीसी आभासी यंत्रावर (खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर) असेल तर खालच्या यंत्राकडून वेळ घेण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन मालक एकच घड्याळ फिरवत राहतात.

टप्पा ६: उभारणी

आतापर्यंतचे कागद समोर ठेवा. क्रम मोडू नका.

१. रत्नागिरीच्या सर्व्हरवर विंडोज बसवा, सगळे अपडेट घ्या.
२. यंत्राला कायमचं नाव आणि कायमचा पत्ता द्या. डीसी झाल्यावर नाव बदलत बसू नका.
३. घड्याळ तपासा.
४. डिरेक्टरी आणि डीएनएसची भूमिका बसवून नवं फॉरेस्ट तयार करा.
५. या वेळी विचारला जाणारा डिरेक्टरी दुरुस्तीचा पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट सील करा, दोन जणांच्या सह्या घ्या आणि तिजोरीत ठेवा. पतसंस्थेकडे तिजोरी असते, तिचा वापर करा. तीन वर्षांनी हा पासवर्ड लागतो तेव्हा तो कुणालाच आठवत नाही.
६. कुडाळचा सर्व्हर रत्नागिरीला आणूनच दुसरा डीसी करा, सगळा डेटा उतरू द्या, आठवडाभर शेजारी चालवा. मग कुडाळला नेऊन त्याचा पत्ता बदला आणि डीएनएसमध्ये नवा पत्ता नोंदला गेल्याची खात्री करा.
७. दोन्ही डीसींवर ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या फॉरेस्टमधल्या नोंदींची शोधसूची) चालू ठेवा. पाच विशेष भूमिका (पीडीसी एम्युलेटर त्यातलीच एक) एवढ्या आकाराच्या संस्थेत रत्नागिरीच्या डीसीवर एकत्र राहिल्या तर काही बिघडत नाही.
८. डिरेक्टरीचा रिसायकल बिन (पुसलेली नोंद परत आणण्याची सोय) चालू करा. तो आपोआप चालू नसतो, आणि एकदा चालू केला की बंद करता येत नाही. बंद करायचं कारणही पडत नाही.

सावधान: डीसीवर दुसरं काहीही बसवू नका. हिशोबाचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही, प्रिंटरचा गोतावळा, काहीच नाही. ‘सर्व्हर रिकामाच आहे’ असं कुणीतरी म्हणेलच.

तपासणी: डीसीची तब्येत पाहणारी डीसीडायग आणि डीसींमधली देवाणघेवाण पाहणारी रेपॅडमिन या दोन आज्ञा दोन्ही डीसींवर चालवा. एकही चूक दाखवत असेल तर आजच सोडवा. रत्नागिरीत एक चाचणी खातं तयार करा आणि ते कुडाळला दिसतं का पाहा. कुडाळला पुसा आणि रत्नागिरीत गेलं का पाहा. दोन्ही दिशा तपासायच्या.

टप्पा ७: साइट

साइट म्हणजे डिरेक्टरीच्या हिशोबाने एक ठिकाण; त्यावरूनच संगणकाला जवळचा डीसी मिळतो. दुसऱ्या टप्प्यातले सात सबनेट इथे नोंदवा. रत्नागिरी आणि कुडाळ या दोन साइट करा, फक्त-वाचनाचा डीसी ठेवलात तर चिपळूण तिसरी. दापोली आणि राजापूरचे सबनेट रत्नागिरीला जोडा. मालवण आणि सावंतवाडीचे कुडाळला. आपोआप तयार झालेल्या पहिल्या साइटचं नाव बदलून ‘रत्नागिरी’ करा.

साइटींमधली देवाणघेवाण मुळात दर १८० मिनिटांनी होते. ती कमीत कमी १५ मिनिटांवर आणता येते, तशी आणा. आजकालच्या फायबरवर एवढा भार काहीच नाही, आणि सावंतवाडीच्या माणसाला सकाळी दिलेली परवानगी दुपारपर्यंत लटकत नाही.

नवी शाखा उघडताना सबनेट नोंदवायचं राहिलं, तर तिथले संगणक कुठल्याही डीसीकडे जातात. शाखा उघडण्याच्या कामांच्या यादीतच ही ओळ घाला.

टप्पा ८: ओयू, गट आणि खाती

ओयू म्हणजे डिरेक्टरीतले कप्पे. संस्थेचा पदांचा तक्ता भिंतीवर असतो तसाच्या तसा कप्प्यांत उतरवायचा मोह होतो. तसं करू नका. कप्पा दोनच कारणांसाठी करायचा: वेगळी पॉलिसी लावायची आहे, किंवा एखाद्या माणसाला मर्यादित अधिकार द्यायचे आहेत. आपल्या संस्थेसाठी एवढे पुरतात: वापरकर्ते (आत रत्नागिरी जिल्हा आणि सिंधुदुर्ग जिल्हा), संगणक (आत काउंटर, कार्यालय, लॅपटॉप), सर्व्हर, गट, प्रशासक, आणि बंद खाती. कुडाळच्या माणसाला ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ या कप्प्यावर फक्त पासवर्ड बदलण्याचा अधिकार द्या.

नवे संगणक आणि खाती आपोआप ज्या दोन जागी पडतात, तिथे ग्रुप पॉलिसी लावता येत नाही. म्हणून त्यांची मूळ जागा बदलून तुमच्या कप्प्यांकडे वळवा. तसंच, मुळात कोणताही साधा वापरकर्ता १० संगणक डोमेनला जोडू शकतो. हा आकडा शून्य करा.

परवानगी कधीही माणसाला देऊ नका, गटाला द्या. माणूस त्याच्या कामाच्या गटात (‘राजापूर कर्ज’), कामाचा गट परवानगीच्या गटात (‘राजापूर कर्ज फाइली – बदल’), आणि फोल्डरवर फक्त परवानगीचा गट. सुरुवातीला हे लांबण वाटेल. बदल्यांचा मोसम आला की याची किंमत कळते: एका गटातून काढलं, दुसऱ्यात घातलं, काम संपलं. सुरुवातीला सांगितलेली ती कर्मचारी जुन्या फाइली पाहत होती, कारण अकरा फोल्डरांवर तिचं नाव एकेक करून लिहिलेलं होतं.

लॉगिनची नावं आडनावावरून ठेवू नका. सिंधुदुर्गातल्या शाखेत चार सावंत आणि तीन परब असणारच, त्यातले दोघे एकाच नावाचे. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो आणि लग्नानंतर आडनाव बदलतं. कर्मचारी क्रमांक घ्या, ‘क१०४७’सारखा. दाखवायचं नाव मात्र पूर्ण आणि देवनागरीत लिहा, ते चालतं. संगणकाच्या नावातही माणूस नको. शाखेचं चिन्ह आणि मालमत्ता क्रमांक, १५ अक्षरांत.

प्रशासकाला दोन खाती: रोजच्या कामाचं साधं, आणि डोमेनच्या कामाचं वेगळं. डोमेनचं खातं फक्त डीसीवर वापरायचं. शाखेतल्या संगणकाच्या दुरुस्तीसाठी तिसरं, तेवढ्यापुरत्या अधिकाराचं. बँकिंग सॉफ्टवेअरवाले बसवायला येतात तेव्हा ‘डोमेन ॲडमिनचा पासवर्ड द्या’ म्हणतात. देऊ नका. त्यांना नेमकं काय लागतं ते लेखी मागा आणि तेवढ्याच अधिकाराचं सेवा खातं (माणसासाठी नव्हे, सॉफ्टवेअरसाठीचं) करून द्या.

टप्पा ९: ग्रुप पॉलिसी

थोडक्या आणि एकेका कामाच्या पॉलिसी ठेवा, नावावरून काम कळेल अशा. मुळात असलेल्या डोमेन पॉलिसीत फक्त पासवर्ड आणि खातं कुलूपबंद होण्याचे नियम ठेवा. पासवर्डचा नियम एखाद्या शाखेच्या कप्प्याला लावला तर डोमेनच्या खात्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पहिल्या महिन्यात एवढंच: स्क्रीन आपोआप कुलूपबंद होणं, प्रिंटर आणि सामाईक ड्राइव्ह जोडणं, अपडेटची वेळ, प्रत्येक संगणकाच्या स्थानिक प्रशासकाला वेगळा पासवर्ड देणारी लॅप्स ही सोय, आणि लॉगची (यंत्रावरच्या घडामोडींच्या नोंदींची) जागा वाढवणं. सर्ट-इनने लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहेत; मूळ आकारात ते तेवढे टिकत नाहीत. पेनड्राइव्ह बंद करणं दुसऱ्या महिन्यात, शाखांशी बोलून. काही शाखा अजून लेखापरीक्षकाला माहिती पेनड्राइव्हवरच देतात.

टप्पा १०: संगणक जोडणं

पहिली शाखा लहान निवडा, राजापूर किंवा दापोली. दोन आठवडे थांबा, मग पुढची.

प्रत्येक संगणकावर क्रम: ‘प्रो’ आवृत्ती, डेटाची प्रत, नवं नाव, पुन्हा सुरू, पत्ता आणि डीएनएस तपासणं, घड्याळ, डोमेनला जोडणं, पुन्हा सुरू.

सावधान: डोमेनच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो. ‘माझं सगळं गेलं’ म्हणून माणसं खरोखर घाबरतात, आणि वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्या क्षणी कुणीतरी शेजारी उभं हवं असतं. काही गेलेलं नसतं. जुनं प्रोफाइल त्याच संगणकावर जुन्या नावाने असतं. फाइली तुम्ही हलवा, त्यांना हलवायला सांगू नका. त्याच वेळी मराठी कळफलक पुन्हा लावा, कारण तो खात्यागणिक असतो. इनस्क्रिप्टची सवय असलेल्याला इनस्क्रिप्ट, फोनेटिकवाल्याला फोनेटिक. ब्राउझरमधले पासवर्ड आणि डिजिटल सहीचं टोकनही त्याच बैठकीत तपासा.

टप्पा ११: बॅकअप

प्रत्येक डीसीचा सिस्टिम स्टेट (डिरेक्टरीसह यंत्राची मूळ मांडणी) बॅकअप रोज घ्या आणि एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा. १८० दिवसांपेक्षा जुना डिरेक्टरीचा बॅकअप वापरता येत नाही, कारण पुसलेल्या नोंदींची आठवण मुळात तेवढेच दिवस ठेवली जाते. तितके दिवस बंद पडून राहिलेला डीसीही परत जोडू नका.

एक डीसी मेला आणि दुसरा धडधाकट असेल तर बॅकअप उतरवत बसू नका. मेलेल्याच्या नोंदी डिरेक्टरीतून साफ करा आणि नवा डीसी उभा करा. तो मरणारा रत्नागिरीचा असेल तर आधी पाच भूमिका कुडाळकडे घ्या. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची स्थिती जपलेली नोंद) हा बॅकअप नव्हे. त्यावरून डीसी मागे नेऊ नका.

मे महिन्यातली तालीम

दरवर्षी २० मेच्या सुमारास, शनिवारी दुपारी, प्रत्येक शाखेत नेटची तार काढा आणि तीन तास तशीच ठेवा. वहीत लिहा: कोण लॉगिन करू शकलं, कोण नाही, प्रिंट निघालं का, सामाईक फाइलींपैकी काय उघडलं. दुसऱ्या शनिवारी रत्नागिरीचा डीसी पूर्ण बंद करा आणि फक्त कुडाळवर संस्था चालते का पाहा. तिसऱ्या शनिवारी बॅकअपमधून एक डीसी वेगळ्या, न जोडलेल्या यंत्रावर उतरवून पाहा, तिजोरीतलं पाकीट फोडून. पासवर्ड चालला तर नवं पाकीट करून सह्या घ्या. चालला नाही तर चालू असलेल्या डीसीवर तो त्याच दिवशी बदला, कारण मृगाला तेव्हा आठवडादेखील उरलेला नसतो.